मुलाच्या हाती मुका जीव केव्हा द्यावा?

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की पालकांकडून दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात. पहिला, मुलाला सुट्टीत कोणत्या शिकवणीला घालावे. आणि दुसरा, जो अलीकडे वाढला आहे, तो असा की मूल कुत्र्याच्या पिल्लासाठी हट्ट धरून बसले आहे, तर ते आणून द्यावे की नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी शिक्षक या नात्याने देतो. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा अधिकार मला माझ्या एका चुकीने मिळवून दिला आहे. ती चूक आधी सांगितल्यावाचून पुढे बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आम्ही बीदर जिल्ह्यात भालकीला राहतो. माझा थोरला मुलगा त्या वेळी पाच वर्षांचा होता. शेजारच्या घरी पिल्लू आले, तसे आपल्याही घरी हवे, असा त्याने ध्यास घेतला. दोन दिवस तो धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या आखाड्यावर गेलो आणि एक तांबूस पिल्लू टोपलीत घालून घरी आणले. पिल्लू जेमतेम महिन्याचे असेल. ते अजून आईला पीत होते. मुलाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तो त्याला दिवसभर कडेवर घेऊन फिरे, झोपले असले तर उठवी, स्वतःच्या वाट्याचे दूध आणि बिस्किटे त्याच्या तोंडाशी नेई. आम्ही कौतुकाने पाहत होतो. आठव्या दिवशी पिल्लाला हगवण लागली आणि दहाव्या दिवशी त्याने मान टाकली. परसात खड्डा खणताना मुलाने मला विचारले, "बाबा, मी त्याला फार उचललं म्हणून ते मेलं का?"

मी "नाही रे" एवढेच म्हणालो. उत्तर खरे होते, परंतु अपुरे होते. पिल्लू त्याच्यामुळे मेले नव्हते. आईपासून अवेळी तोडून, गुरांच्या डॉक्टरला दाखविल्यावाचून, पाच वर्षांच्या पोराच्या हाती ते सोपविणारा मी होतो. हे दुसरे वाक्य बोलण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही.

माझी आई त्या वेळी आमच्याकडे होती. ती औराद तालुक्यातल्या खेड्यात वाढलेली. ती म्हणाली, "अरे, जनावर आणायचं म्हणजे घरात आणखी एक तोंड आणायचं. ते पोराच्या भरवशावर आणत नसतात." मला तेव्हा ते वाक्य लागले. पुढे मात्र मी त्यावर पुष्कळ विचार केला. आज मी जे सांगणार आहे ते बहुतेक त्या वाक्यातूनच निघालेले आहे.

श्रोतेहो, आमच्या या सीमाभागातील खेड्यांत जनावर हे हौसेसाठी पाळण्याची रीत फारशी नव्हती. हा भाग देवणी जातीच्या गुरांचा. लातूर जिल्ह्यातील देवणी या गावाचे नाव मिळालेली ही गुरे सीमेच्या अलीकडे बीदर जिल्ह्यातही पूर्वापार आहेत. अंगाने पांढरीशुभ्र ती बालंक्या, पांढऱ्या अंगाची पण काळ्या तोंडाची ती वानेरा आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ती शेवरा, अशी त्यांची ओळख लहान पोरांनासुद्धा असते. त्यांच्या जोडीला काळ्या उस्मानाबादी शेळ्या आणि अंगणातील कोंबड्या. कन्नड घरांत ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवी होते, मराठी घरांत श्रावण सरता सरता पोळा होतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात, शिंगे रंगवितात, झूल घालतात. अशा घरात वाढणाऱ्या मुलाबद्दल, "हा आता जनावर पाळण्याच्या वयाचा झाला काय?" असा प्रश्न कोणी विचारीत नाही. तिथे विचारला जाणारा प्रश्न निराळा असतो. तो असा, की याला आता कोणते काम सांगावे?

माझ्या आजोळी मी हे पाहिले आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला मूठभर पाला देऊन म्हणत, "करडापुढे टाक आणि मागे सर." पाला टाकणे हे काम अर्धे, मागे सरणे हे उरलेले अर्धे. सहा-सात वर्षांच्या मुलीकडे दिवेलागणीला कोंबड्या डालग्याखाली झाकण्याचे काम येई, आणि झाकताना त्या मोजाव्या लागत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने शेळ्यांना पाणी दाखवावे, लेंड्या झाडाव्यात. पुढे दहा-बाराव्या वर्षी मोठ्या माणसाच्या सोबतीने शेळ्या घेऊन माळावर जावे. बैलाच्या कासऱ्याला हात लागण्यासाठी मात्र मिसरूड फुटण्याची वाट पाहावी लागे. प्रत्येक पायरीवर आजोबा किंवा मामा जवळपास उभे असत. पोर एखादे दिवशी विसरले तर ते बोलत. परंतु बोलण्याच्या आधी शेळीला पाणी दाखवून येत.

यात मला एक खुलासा केला पाहिजे. गुरे राखण्यापायी ज्यांची शाळा कायमची सुटली अशी मुले याच खेड्यांत होऊन गेली. मी शिक्षक आहे; त्या प्रथेचा गौरव माझ्या तोंडून होणार नाही. लहान मुलाला पोटासाठी राबविणे वेगळे आणि त्याच्या वयाला पेलेल असा कामाचा एक घास त्याला देणे वेगळे. पहिले टाकून द्यावे आणि दुसरे उचलावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

शहरात आणि तालुक्याच्या गावात आपण नेमके उलट करतो. मुलाने आयुष्यात एकाही मुक्या जिवाला घोटभर पाणी ठेवलेले नसते, आणि आपण त्याच्या वाढदिवसाला एक अख्खे जनावर त्याच्या मांडीवर आणून ठेवतो. खालची एकही पायरी न चढता माडीवर उचलून ठेवलेले मूल जसे घाबरेल किंवा पडेल, तसेच येथे होते. म्हणून "कितव्या वर्षी द्यावे?" याला माझे उत्तर असे की वर्षे मोजण्यापेक्षा पायऱ्या मोजाव्यात. अशा चार पायऱ्या मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली पायरी आपल्या मालकीच्या नसलेल्या जिवाची. संत नामदेवांची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आमच्या ख्रिस्ती घरात भिंतीवर असिसीकर संत फ्रान्सिस यांचे चित्र असे. त्यांच्या खांद्यावर पाखरे बसलेली. ४ ऑक्टोबर हा त्यांचा सण, आणि तोच दिवस आज जगभर प्राणिदिन म्हणून पाळला जातो. लहानपणी या दोन्ही गोष्टी मला एकच वाटत. नामदेवांचा तो कुत्रा पाळीव नव्हता आणि फ्रान्सिसची पाखरे पिंजऱ्यातली नव्हती. मुलाला सुरुवात येथून करून द्यावी. आमच्याकडे बीदर-कलबुर्गीचा वैशाख कसा असतो हे सांगावयास नको. गच्चीवर किंवा झाडाखाली मातीचे एक पसरट भांडे ठेवावे, आणि रोज सकाळी ते घासून ताजे पाणी भरण्याचे काम मुलाकडे द्यावे. पहिले आठ दिवस प्रत्येक मूल हे करते. पाखरे येऊ लागली की आणखी आठ दिवस करते. खरी कसोटी त्यानंतरची. नवेपणा ओसरल्यावर, कोणी शाबासकी देत नसताना, जे मूल महिना-दीड महिना आठवणीने भांडे भरते, ते पहिली पायरी चढले असे समजावे. एखाद्या दिवशी विसरले म्हणून त्याला नापास करू नये. विसरल्याचे लक्षात येताच ते धावते की नाही, हे पाहावे.

दुसरी पायरी हात आवरण्याची. मुक्या जिवालाही "नको" म्हणता येते. फक्त ते शब्दांनी म्हणत नाही. कुत्रा मान वळवितो, अंग ताठ करतो, ओठ उचलून गुरगुरतो. मांजर शेपटी आपटते. हे "नको" ज्याला वाचता येत नाही, त्या मुलाच्या हाती पिल्लू देणे दोघांनाही धोक्याचे आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला ते येत नाही, आणि यात त्याचा दोष नाही. त्या वयात प्रेम म्हणजे घट्ट धरणे एवढेच त्याला ठाऊक असते. म्हणून शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच्या वयाचे मूल आणि जनावर यांना क्षणभरही एकटे सोडू नये, मग ते जनावर कितीही गरीब असो. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांना पाजणाऱ्या प्राण्याच्या जवळ जायचे नाही, हा नियम जे मूल आपण खोलीत नसतानाही पाळते, ते या पायरीवर पोचले.

तिसऱ्या पायरीचा उल्लेख मला सहसा कोठे आढळत नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे खरे सांगण्याची. काही वर्षांपूर्वी सहावीतील एक विद्यार्थी लंगडत वर्गात आला. काटा मोडला म्हणाला. मधल्या सुट्टीत त्याच्या मित्राने मला हळूच सांगितले की काटा नाही, घरच्या कुत्र्याने चावा घेतला आहे, आणि त्याला तीन दिवस झाले आहेत. मी त्याला जवळ बसवून विचारले, तेव्हा तो रडत म्हणाला, "सर, घरी सांगू नका. वडील त्याला सोडून देतील." पाहा श्रोतेहो, तो कुत्र्यावर प्रेम करीत होता म्हणूनच त्याने चावा लपविला होता! त्याच्या वडिलांना बोलावून आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेले, लस सुरू झाली आणि सर्व मात्रा पूर्ण झाल्या. कुत्राही पुढे धडधाकट राहिला. पण ते तीन दिवस आठवले की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

कारण रेबीज हा रोग असा आहे की त्याची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि लक्षणे दिसण्यापूर्वी वेळेवर लस मिळाली तर जवळजवळ नेहमीच वाचतो. संशयित जनावर चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १८८५ च्या जुलै महिन्यात पॅरिसला लुई पाश्चर यांची लस ज्याला टोचली गेली, तो योसेफ माइस्टर हाही नऊ वर्षांचाच मुलगा होता. तो वाचला, कारण त्याच्या आईने त्याला लगोलग पाश्चरांकडे नेले. आज ती लस आपल्या सरकारी दवाखान्यांत मिळते. चावा असो वा नुसता ओरखडा, कुत्र्याचा असो वा मांजराचा, प्रथम साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ते सांगतील तितक्या मात्रा पूर्ण कराव्यात. पण हे सारे केव्हा? मुलाने आपल्याला सांगितले तर! ज्या घरात दुधाचा पेला फुटल्याचे सांगताना मूल थरथर कापते, त्या घरात ते चावा सांगणार नाही. तेव्हा ही परीक्षा मुलाइतकीच आपलीही आहे. जनावर आणण्यापूर्वी प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावे, "माझ्या मुलाने मला शेवटची वाईट बातमी आपण होऊन केव्हा सांगितली?"

चौथी पायरी घराची. येथे मुलाचा संबंध संपतो. घरमालकाची संमती आहे काय? परीक्षेच्या दिवसांत, आजारपणात, लग्नकार्याला गावी गेल्यावर जनावराकडे कोण पाहणार? डॉक्टरचा आणि अन्नाचा खर्च दर महिन्याला निघेल काय? कुत्रा सामान्यतः दहा ते तेरा वर्षे जगतो. आज नऊ वर्षांचे असलेले मूल तोवर शिक्षणासाठी लातूरला किंवा हैदराबादला गेलेले असेल आणि म्हातारा कुत्रा आपल्या उंबऱ्यावर बसलेला असेल. तो आपला आहे असे ज्या आईबापांना आज म्हणवत नाही, त्यांनी तो आणू नये. मुलाकडून "मी सगळे करीन" असे वचन घेणे व्यर्थ आहे. ते वचन खोटे नसते. परंतु दहा वर्षे म्हणजे काय हे त्या बालजिवाला ठाऊक नसते.

कोणता प्राणी आणावा याविषयीही दोन शब्द. आपल्या रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. चांदणीचे कासवही पाळता येत नाही. आमच्या भागात हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या रानात काळवीटाचे पाडस एकटे बसलेले पोरांना दिसते, आणि "आई टाकून गेली" असे समजून ती ते घरी आणतात. आई टाकून गेलेली नसते. ती पाडसाला लपवून चरावयास गेलेली असते. ते होते तेथेच राहू द्यावे. पिल्लू आणावयाचे तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनीही त्याहून लहान पिल्लाची विक्री मना केली आहे. त्याला जंताचे औषध आणि लसी वेळेवर द्याव्यात. बीदरजवळ नंदीनगरला २००४ च्या कायद्याने स्थापन झालेले कर्नाटकचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. ज्या जिल्ह्यात अवघ्या राज्याचे पशुवैद्यकीय विद्यापीठ नांदते, त्याच जिल्ह्यात मी एका पिल्लासाठी डॉक्टरचे दार ठोठावले नव्हते, ही गोष्ट मला आजही खटकते.

आता माझ्या घराची उरलेली हकिकत सांगून संपवितो. धाकटी मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा तिनेही पिल्लू मागितले. या वेळी मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. मी तिला मातीचे भांडे आणून दिले. चैत्रापासून मृगाच्या पावसापर्यंत तिने ते भरले. मधे चार-पाच वेळा विसरली. एकदा भर दुपारी जेवणावरून उठून गच्चीवर पळाली. पावसाळा सरल्यावर आम्ही दोन महिन्यांचे गावठी पिल्लू आणले. त्या दिवशी घरातील चौघांत कामे वाटली. पाणी आणि घासणी तिच्याकडे, संध्याकाळी फिरविणे थोरल्याकडे, अन्न तिच्या आईकडे, डॉक्टर माझ्याकडे.

तिसऱ्या महिन्यात शाळेची परीक्षा आली आणि मुलगी दोन दिवस पाण्याचे भांडे भरावयास विसरली. मला क्षणभर वाटले की राहू द्यावे तसेच, म्हणजे कुत्रा तहानेने ओरडेल आणि हिला धडा मिळेल. पण मला आजोळची शेळी आठवली. मी भांडे भरले आणि मगच तिला हाक मारली. श्रोतेहो, आपल्या मुलाला शिकविण्यासाठी मुक्या जिवाला उपाशी किंवा तहानलेला ठेवू नये. त्याने मूल जबाबदारी शिकत नाही. दुसऱ्याची तहान हे आपले हत्यार होऊ शकते, एवढेच शिकते.

पिल्लू घरी आले त्या रात्री थोरला मुलगा, तो आता चौदा वर्षांचा झाला होता, त्याच्याजवळ बराच वेळ बसून होता. हात मात्र लावीत नव्हता. मी कारण विचारले. तो म्हणाला, "मी लांबच बरा. मागचं माझ्यामुळेच गेलं ना?" नऊ वर्षे ते ओझे त्याने वागविले होते आणि मला पत्ताही नव्हता. मग मी त्याच्याशेजारी खाली बसलो आणि परसात त्या दिवशी बोलावयाचे राहिलेले वाक्य बोललो. "ते तुझ्यामुळे गेलं नाही. तू पाच वर्षांचा होतास. चूक माझी होती." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने पिल्लाच्या पाठीवर दोन बोटे ठेवली, आणि त्याने मान वळविली नाही असे पाहून मग हात फिरविला.

मूल केव्हा तयार होते, हे त्याच्या पाण्याच्या भांड्यावरून, हाताच्या स्पर्शावरून आणि खऱ्या बोलण्यावरून कळते. आपण केव्हा तयार होतो, याची खूण एकच आहे. जनावराचे काही बरेवाईट झाले तर "चूक माझी" असे म्हणण्याची ज्या दिवशी आपली तयारी असेल, त्या दिवशी पिल्लू खुशाल घरी आणावे. तोवर गच्चीवर एक मातीचे भांडे पुरे आहे.